कॉलेज कोणत्या महिन्यात बदलावे?

गोपाळ गणेश आगरकर १८७५ साली अकोल्याहून मॅट्रिक झाले. वऱ्हाडात ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. पण साताऱ्याकडच्या टेंभूचा मुलगा अकोल्यात आला कसा, हे सहसा कोणी सांगत नाही. कऱ्हाडला शिक्षण अडले. मुन्सफाच्या कचेरीत उमेदवारी करून झाली. शिकण्यासाठी रत्नागिरीपर्यंत पायी जाऊन पाहिले, तिथेही जमले नाही. अकोल्यात नातलगांचे घर होते, म्हणजे दोन वेळच्या जेवणाची सोय होती, म्हणून अकोला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात जायचे तर हातात काही नाही. तेव्हा अकोल्याचे शिक्षक विष्णु मोरेश्वर महाजनी यांनी मदत केली. त्या बळावर आगरकर पुण्याला पोचले आणि १८७८ मध्ये बी. ए. झाले.

या प्रवासात ‘चांगली शाळा कोणती’ हा प्रश्न जवळजवळ कुठेच आलेला नाही. प्रश्न एकच आहे : जेवायचे कुठे? मी गेली काही वर्षे शिक्षणाच्या खर्चाचा इतिहास वाचतो आहे. विद्यापीठात जाऊन नव्हे, जुनी आत्मचरित्रे, संस्थांचे स्मृतिअंक, शासन निर्णय आणि गावातल्या लोकांनी जपून ठेवलेल्या पावत्या, असा माझा अभ्यास. त्यातून एक गोष्ट मला दिसत गेली आणि तीच या लेखात मांडायची आहे. आपल्याकडे गरीब विद्यार्थ्याला मदत नेहमीच मिळत आली, आजही मिळते; पण ती मदत बहुधा एका गावाला, एका संस्थेला आणि वर्षातल्या एका ठरावीक महिन्याला बांधलेली असते. विद्यार्थी हलला की ती त्याच्याबरोबर हलत नाही. त्यामुळे कॉलेज बदलावे की नाही, हा निर्णय वरून शिक्षणाचा दिसला तरी आतून तो या गाठी सोडवण्याचा असतो.

सर्वांत जुनी मदत म्हणजे वार. आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात घरे. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे. ज्याला सातही वार मिळत नसत तो उरलेल्या दिवशी माधुकरी मागे किंवा उपाशी राही. पुण्यात शिकलेल्या कितीतरी नामवंतांनी याविषयी लिहिले आहे आणि आपण ते कौतुकाने वाचतो. मला मात्र त्यातला हिशोब दिसतो. सात घरे मिळवायला वर्ष-दोन वर्षे लागत. एवढे करून बसवलेली घडी मोडून दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात कोण जाईल? शिवाय ही सोय जातीच्या आतली होती. ती बहुतेक ब्राह्मण मुलांपुरतीच राहिली. कुणबी, माळी, धनगर, महार, मांग यांच्या मुलांना पुण्यात वार कोण लावून देणार होते?

या प्रश्नाला शाहू महाराजांनी वसतिगृहांनी उत्तर दिले. १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. मग जैन, मुस्लिम, लिंगायत आणि अस्पृश्य मुलांसाठी एकेक वसतिगृह उभे राहिले. शाळा-कॉलेजे तर कोल्हापुरात आधीपासून होती. कमी होती ती जेवणाची आणि निजायच्या जागेची. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढे साताऱ्याच्या बोर्डिंगात मुलांना स्वतः राबून शिकायला लावले. १९४७ मध्ये साताऱ्याला शिवाजी कॉलेज निघाले तेव्हा ‘कमवा आणि शिका’ कॉलेजच्या पातळीवर आले. आमच्या वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले आणि नंतर श्री शिवाजी शिक्षण संस्था. पंजाबराव स्वतः फर्ग्युसनमधून पदवी पुरी न करता १९२० मध्ये विलायतेला गेले आणि एडिनबरो, ऑक्सफर्ड करून परतले. घराबाहेर शिकणाऱ्याच्या खिशाचे काय होते, हे त्यांना दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती. पुण्यात १९५५ मध्ये अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली. तिथेही भर खेड्यातून आलेल्या मुलांच्या राहण्या-जेवणावरच.

हे सगळे मोठे काम आहे. पण वसतिगृह म्हणजे भिंती, आणि भिंती उचलून नेता येत नाहीत. कोल्हापूरच्या बोर्डिंगातला मुलगा मुंबईला गेला की तो पुन्हा उघड्यावर.

पैशाची मदत तरी बरोबर नेता येते का? याचे मोठे उदाहरण डॉ. आंबेडकरांचे. सयाजीराव गायकवाडांनी त्यांना १९१३ मध्ये अमेरिकेला पाठवले ते महिना साडेअकरा पौंड शिष्यवृत्तीवर, तीन वर्षांसाठी आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याच्या करारावर. कोलंबियात एम. ए. झाले. पण त्यांना लंडनलाही शिकायचे होते. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, ग्रेज इनमध्ये नाव घातले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. निघण्यापूर्वी त्यांनी एक काम केले, आणि या लेखासाठी मला ते फार महत्त्वाचे वाटते. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल, अशी परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून घेतली. मग मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांकडून दीड हजार आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार कर्जाऊ घेतले, आणि १९२० मध्ये मुदतीच्या आत लंडनला पोचले. पैसा संपला तरी जागा संपू दिली नाही. बहुतेक घरांत याच्या उलट होते : पैशाची ओढाताण झाली की आधी नाव काढून घेतात आणि मग पुढे काय करायचे ते पाहतात.

आता आमच्या गावाकडे येतो. दुसरबीड हे सिंदखेड राजा तालुक्यातले मेहकर रस्त्यावरचे गाव. बुलडाणा जिल्ह्याचे दोन भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा. आम्ही घाटावरचे. शेगाव, खामगाव घाटाखाली. जालना आम्हाला अमरावतीपेक्षा कितीतरी जवळ. बाजार, दवाखाना, सोयरीक सगळे तिकडे. पण १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला तेव्हा आमचा भाग इंग्रजांकडे आला आणि जालना निजामाकडे राहिला. त्या रेषेचा शिक्षणावर काय परिणाम झाला, ते फारसे कोणी लिहीत नाही. इकडच्या मुलांसाठी नागपूर, मुंबई, पुणे. तिकडच्यांसाठी हैदराबाद आणि १९१८ पासून उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ. १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद कॉलेज निघाले आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले, तेव्हा आमच्या लोकांना एक जवळचे दार उघडले. वऱ्हाडातली कॉलेजे १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाकडे होती, १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ झाल्यावर ती तिकडे गेली. म्हणजे राज्य एक झाले, जालन्याला जायला रस्ता चांगला झाला, तालुक्यातून समृद्धी महामार्गही गेला. पण दुसरबीडचा मुलगा घाटाखालच्या कॉलेजातून जालन्याच्या कॉलेजात जायचे म्हणाला की तो आजही विद्यापीठाची हद्द ओलांडतो. मग स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता, अभ्यासक्रमाची समकक्षता असे सगळे सुरू होते. दीडशे वर्षांपूर्वीची सरहद्द परीक्षा विभागाच्या खिडकीवर भेटते, असे मी गमतीने म्हणतो.

फीचा इतिहास थोडक्यात सांगून पुढे जातो. यशवंतराव चव्हाणांच्या काळात वार्षिक बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना फी माफ झाली. ‘ईबीसी’ हा शब्द तेव्हापासून खेड्यापाड्यांत गेला. सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत फी मुळातच थोडी असल्याने ही माफी पुरेशी होती. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांनी विनाअनुदान इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट करून दिली आणि कॉलेजचा सगळा खर्च विद्यार्थ्यांकडून घेण्याचा काळ सुरू झाला. त्याच वर्षी शेगावला गजानन महाराज संस्थानचे इंजिनिअरिंग कॉलेज निघाले, ही आमच्या भागासाठी मोठी गोष्ट. पुढे न्यायालयात अनेक खटले झाले. आज २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक कॉलेजचा खर्च पाहून फी ठरवते. म्हणून एकाच शाखेची फी दोन कॉलेजांत वेगवेगळी असते. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मी शिकवणी फी सरकार भरते. २०२४ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या मुलींची शिकवणी आणि परीक्षा फी व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पूर्ण माफ आहे. दोन्हींना अट अशी की प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा.

यावरून वाटेल की फीचे ओझे आता हलके झाले. काही अंशी झालेही आहे. पण गेल्या वर्षी दिवाळीनंतर, सोयाबीन विकून झाल्यावर, आमच्या गल्लीतला एक शेतकरी माझ्याकडे आला. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. म्हणाला, “भाऊ, पोराला इकडं आणावं म्हणतो. पुणं परवडंना.” मी त्याला वही काढायला लावली. आकडे गोल करून इथे मांडतो.

पुण्याची शिकवणी फी १ लाख २० हजार, तिच्यातली निम्मी सरकारची, घरची ६० हजार. खोलीतला वाटा आणि मेस मिळून महिना साडेसात हजार, दहा महिन्यांचे ७५ हजार. म्हणजे राहण्या-जेवणाचा खर्च फीपेक्षा जास्त. आगरकरांचा प्रश्न तसाच उभा. घाटाखालच्या एका कॉलेजात घरची फी ५० हजार पडणार होती आणि राहण्या-जेवणाचे महिना पाच हजार धरले तर ५० हजार. इकडे एकूण एक लाख, तिकडे १ लाख ३५ हजार. वर्षाला ३५ हजार वाचतात, असे त्याने घरी मांडले होते आणि बायकोलाही ते पटले होते.

पण मुलाला पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता मिळत होता. तो अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे. ही योजना आली तेव्हा पुण्या-मुंबईसारख्या महानगरांत महिना तीन हजार आणि इतरत्र दोन हजार, दहा महिने, असे दर होते आणि याच्या हिशोबात तेच धरले होते. म्हणजे पुण्यात ३० हजार, घाटाखाली २० हजार. ३५ हजारांची बचत इथेच २५ हजारांवर आली. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या स्वाधार योजनेतही असेच आहे : पुण्या-मुंबईकडे वर्षाला ६० हजार, इतर महापालिकांच्या शहरांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. सरकारचे चूक आहे असे नाही. मोठ्या शहरात खर्च जास्त म्हणून भत्ता जास्त. पण स्वस्त गावात जाऊन पैसे वाचवू पाहणाऱ्याच्या बचतीतला एक वाटा सरकारी तिजोरीत परत जातो, हे आधी कोणी सांगत नाही.

उरलेली तीन वर्षे, वर्षाला २५ हजार, म्हणजे ७५ हजार. आता दुसरी बाजू. नव्या कॉलेजात जाताना अभ्यासक्रम जुळला नाही आणि एक वर्ष जास्त लागले, तर त्या वर्षाचा खर्च एक लाख. तीन वर्षांची सगळी बचत एका झटक्यात जाऊन वर २५ हजारांची खोट. मुलगा वर्षभर उशिरा कमावता होणार तो वेगळाच. एवढे लिहून झाल्यावर तो बराच वेळ वहीकडे पाहत बसला.

वर्ष वाया जाते की नाही, हे ठरते कागदांवर आणि महिन्यांवर. महिन्यांचे आधी सांगतो, कारण तिथेच शेतकऱ्याचे घर फसते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये फी परतीच्या पायऱ्या ठरवून दिल्या. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याआधी प्रवेश रद्द केला तर सगळी फी परत. शेवटच्या तारखेला १५ दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर ९० टक्के. तारीख उलटून १५ दिवसांच्या आत ८० टक्के. पुढच्या १५ दिवसांत ५० टक्के. त्यानंतर शून्य. २०२४-२५ साठी आयोगाने ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत हजार रुपयांच्या आत कपात, अशी आणखी सवलत दिली. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी सीईटी कक्ष आपल्या तारखा वेगळ्या जाहीर करतो, पण रीत तीच : जितका उशीर तितकी परती कमी. मूळ कागदपत्रे कॉलेजने अडकवून ठेवायची नाहीत, हेही आयोगाने स्पष्ट सांगितले आहे. पडताळून लगेच परत द्यायची. हे वाक्य पालकांना माहीत नसते. कॉलेजच्या बाबूला बहुधा माहीत असते.

आता आमचे शेतीचे वर्ष पाहा. जूनमध्ये पेरणी. बी-खताला पैसा लागतो तो याच महिन्यात, आणि कॉलेजचा पहिला हप्ताही याच सुमारास. तेव्हा घरात कर्जाचा पैसा असतो आणि डोळ्यांसमोर उभे पीक, त्यामुळे महागडे कॉलेजही झेपेल असे वाटते. सोयाबीन घरात येते दसऱ्याच्या आसपास, पैसा हातात येतो दिवाळीला. खरा भाव आणि खरा उतारा कळतो तोही तेव्हाच. म्हणजे ‘हे कॉलेज आपल्याला परवडते का’ या प्रश्नाचे खरे उत्तर शेतकऱ्याला नोव्हेंबरात मिळते आणि फी परतीची शेवटची पायरी तोवर संपलेली असते. महिन्याच्या एक तारखेला पगार होणाऱ्या घराला हा घोळ कळत नाही. नियम करणारे बहुतेक अशाच घरांतले असतात.

कागदांचे म्हणाल तर सर्वांत महत्त्वाचा नियम फारसा कोणी वाचलेला नसतो. भारत सरकारच्या अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या अटींत लिहिले आहे की राज्य सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय विद्यार्थ्याने विषय किंवा संस्था बदलली तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते आणि दिलेली रक्कमही परत मागता येते. पूर्वपरवानगी, म्हणजे आधी. पण आपल्याकडे रीत अशी पडली आहे की मुलगा आधी टीसी काढतो, नव्या कॉलेजात पैसे भरतो आणि शिष्यवृत्तीचे ‘बघून घेऊ’ म्हणतो. मग महाडीबीटीवर अर्ज अडकतो. दोन्ही कॉलेजे एकमेकांकडे बोट दाखवतात, समाजकल्याणचे कार्यालय आदेश मागते आणि मार्च उजाडतो. यात सर्वांत गरीब घरातला मुलगा सर्वांत जास्त अडकतो, कारण त्याची फी पूर्णपणे शिष्यवृत्तीवर असते.

म्हणून माझ्याकडे जो येतो त्याला मी क्रम उलटा करायला सांगतो. टीसी सर्वांत शेवटी. आधी नव्या कॉलेजकडून लेखी घ्यायचे की दुसऱ्या वर्षाला जागा रिकामी आहे आणि पहिल्या वर्षाचे कोणते विषय मान्य, कोणते पुन्हा करावे लागतील. मग त्या विद्यापीठाची पात्रता. मग शिष्यवृत्ती देणाऱ्या कार्यालयाची परवानगी, पोच घेऊन. मग जुन्या कॉलेजचे ना-हरकत. हे सगळे हातात आले की दाखला. आंबेडकरांनी १९१७ मध्ये लंडन सोडताना जे केले ते याच जातीचे होते : जुनी जागा हातात ठेवून पुढचे पाऊल. २०२१ पासून शैक्षणिक क्रेडिट बँक आली आहे, तिच्यात विद्यार्थ्याने मिळवलेली क्रेडिट त्याच्या खात्यावर जमा होतात आणि दुसऱ्या संस्थेत नेता येतात. कल्पना चांगली आहे. पण नवे कॉलेज ती कोणत्या विषयापोटी धरणार, हे शेवटी तिथल्या विभागप्रमुखाच्या टेबलावरच ठरते. आणि क्रेडिट गेली तरी भत्ता जात नाही.

कॉलेज बदलूच नये, असे माझे म्हणणे नाही. शिकवायला माणसे नाहीत, मुलगा तिथे आजारी पडतो, मुलीला ते शहर सुरक्षित वाटत नाही, अशा वेळी वर्ष गेले तरी जाऊ द्यावे. हिशोब फक्त पैशासाठी बदलणाऱ्यांचा आहे. आणि आमच्याकडे येणाऱ्यांत तेच जास्त असतात, कारण इतर कारणे असली तरी लोक पैशाचेच नाव सांगतात. मुलगा तिथे एकटा पडला आहे, हे बाप परक्यापुढे बोलत नाही. म्हणून मी वही मिटल्यावर एकदा विचारतो, पैसे पुरले असते तर ठेवला असता का तिथेच? उत्तर यायला वेळ लागला तर समजावे की विषय दुसरा आहे.

आमच्या शेजाऱ्याने लगेच उत्तर दिले, “ठेवला असता की!” त्याने पहिले वर्ष पुण्यातच पुरे करू दिले. उन्हाळ्यात मुलगा घाटाखालच्या कॉलेजात जाऊन लेखी पत्र घेऊन आला. जागा होती. पहिल्या वर्षाचे दोन विषय जुळत नव्हते. एक दुसऱ्या वर्षाबरोबर देता येणार होता, दुसऱ्याची खात्री नव्हती. बाप-लेकांनी पुन्हा वही काढली. मुलगा पुण्यातच राहिला. खोली मात्र बदलली. मेहकर-लोणारकडची चार पोरे एकत्र झाली, शेगडी आणि कुकर घेतला आणि मेस बंद केली. दर महिन्याला एकाच्या घरून पीठ, एकाच्या घरून डाळ, अशी पाळी लावून पोते रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला जाते. ड्रायव्हर पोत्याचे शंभर रुपये घेतो.